बस दारापर्यंत का येत नाही?

संक्रांतीच्या आदल्या रात्री तिळगुळाचा डबा मांडीवर घेऊन दिल्लीच्या विमानतळावर ताटकळत बसायची वेळ कुणावर येऊ नये. आमच्यावर आली. जानेवारी २०२० मधली गोष्ट. लेक चंडीगडला, जावई तिथल्या एका बँकेत बदलीवर गेलेले, आणि लेकीचे दिवस भरत आलेले. डॉक्टरांनी तारीख महिनाअखेरची दिली होती. म्हणून आम्ही दोघं तिळगूळ, डिंकाचे लाडू आणि बाळंतविड्याचं गाठोडं घेऊन तसे सावकाशीनंच निघालो होतो. मुंबईहून दिल्ली आणि दिल्लीहून दुसऱ्या विमानानं चंडीगड, असा बेत होता.

दिल्लीला उतरलो तर काचेबाहेर सगळं पांढरं. हात पुढे केला तर बोटं दिसू नयेत असं धुकं. चंडीगडचं विमान आधी दोन तास उशिरा, मग तीन तास आणि रात्री बारानंतर रद्दच. त्याच सुमारास जावयांचा फोन आला, "बाबा, हिला दवाखान्यात आणलंय. तुम्ही कुठपर्यंत पोहोचलात?"

सौ.चा चेहरा पाहवेना. चौकशी केली तर एकानं सांगितलं, बाहेर चंडीगडकडे जाणाऱ्या बस उभ्या असतात. बाहेर गेलो. खरंच एक लांबलचक, गुबगुबीत खुर्च्यांची खासगी बस उभी होती. दोघांचे मिळून तीन हजार रुपये. मी आपला मध्यमवर्गीय सवयीनं विचारलं, "सरकारी बस कधी आहे?" तिकीट फाडणारा पोरगा हसला. "सरकारी बस यहाँ नहीं आती, अंकल. कश्मीरी गेट जाइए. लेकिन अब तो मेट्रो भी बंद हो गई."

काश्मिरी गेट म्हणजे दिल्लीचा मोठा आंतरराज्य बसअड्डा. तिथून पंजाबच्या, हरियाणाच्या, चंडीगडच्या सरकारी बस रात्रभर सुटतात. पण तो शहराच्या दुसऱ्या टोकाला. मध्यरात्री, अशा धुक्यात, दोन बॅगा आणि एक गाठोडं घेऊन तिथवर जायचं कसं? मुकाट्यानं तीन हजार मोजले.

वाटेत मुरथळला परोठ्यांसाठी अर्धा तास बस थांबली. सगळे उतरले, आम्ही दोघं खुर्चीत बसून राहिलो. पुढे पानिपत लागलं. धुक्यात काही दिसलं नाही, नुसती पाटी दिसली. १७६१ सालच्या त्याच संक्रांतीच्या दिवसांत मराठ्यांवर तिथं जे कोसळलं ते आठवून सौ.नं हात जोडले. मला मात्र कबूल करायला हवं, त्या क्षणी इतिहासापेक्षा दवाखाना डोळ्यांपुढे होता.

पहाटे साडेपाचच्या सुमारास बस थांबली आणि आम्हाला उतरवण्यात आलं, ते झिरकपूरच्या उड्डाणपुलापाशी, रस्त्याच्या कडेला. मी म्हटलं, "अरे बाबा, चंडीगडचा बसअड्डा सेक्टर १७ मध्ये ना?" उत्तर आलं, "अड्डे के अंदर हमारी गाड़ी नहीं जाती." म्हणजे पाहा गंमत. दिल्लीत सरकारी बस विमानतळावर येत नव्हती आणि चंडीगडात खासगी बस अड्ड्यात जात नव्हती. दोन्हीकडे कुडकुडायचं काम मात्र प्रवाशाचं.

रिक्षानं दवाखान्यात पोहोचलो तेव्हा नात दोन तासांची झाली होती. बाळ-बाळंतीण सुखरूप होते. तिळगुळाचा डबा तिथल्या नर्सबाईंनीच उघडला. सगळं गोड झालं. पण 'सरकारी बस यहाँ नहीं आती' हे वाक्य काही डोक्यातून जाईना. का येत नाही? रस्ता तर सरकारचाच आहे. बसही सरकारचीच आहे. मग तिला अडवतं कोण?

कागदाचा रस्ता

मुंबईला परतल्यावर हा प्रश्न आमच्या साडूंपुढे टाकला. साडूंनी चौतीस वर्षं एसटीत काढली, आगार सांभाळलं आणि निवृत्त झाले. त्यांच्याकडे अशा प्रश्नांची उत्तरं चहा निवायच्या आत मिळतात.

"अहो, तुम्ही डांबराचा रस्ता पाहता," ते म्हणाले. "आमची बस डांबरावर धावत नाही. ती कागदावर धावते. कागदात जेवढा रस्ता लिहिलाय तेवढाच तिचा रस्ता. त्यापुढचं डांबर तिच्यासाठी नाहीच."

हा कागद म्हणजे परवाना, बोली भाषेत परमिट. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा, १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याचं ६६ वं कलम सांगतं की प्रवासी वाहतुकीसाठी गाडी वापरायची तर परवाना हवा आणि गाडी त्या परवान्याच्या अटींप्रमाणेच चालली पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना गाडी चालवण्याचा दंड दहा हजार रुपये झाला असून, सहा महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे.

परवान्याचे प्रकार अनेक, पण आपल्याला दोनच समजले तरी पुष्कळ. पहिला टप्पा वाहतुकीचा. ज्या गाडीत प्रत्येक प्रवासी आपापलं वेगळं तिकीट काढतो, मध्ये कुठेही चढतो, कुठेही उतरतो, ती टप्पा वाहतूक. एसटीची लाल गाडी हे तिचं आपल्या ओळखीचं रूप. तिच्या परवान्यात मार्ग लिहिलेला असतो. कुठून निघायचं, कुठे पोहोचायचं, किती फेऱ्या, हे सगळं ठरलेलं. भाडं किती असावं याबद्दल सरकार आदेश काढू शकतं. सार्वजनिक बसस्थानकात ती हक्कानं शिरते.

दुसरा प्रकार कंत्राटी वाहतुकीचा. लग्नाच्या वऱ्हाडाला किंवा अष्टविनायकाच्या यात्रेला आपण अख्खी बस ठरवतो, ती ही. करार संपूर्ण गाडीचा, माणसं ठरलेली, वाटेत अनोळखी प्रवासी चढवायचा नाही आणि उतरवायचाही नाही. याच जातीतला एक भाऊ म्हणजे पर्यटक परवाना. तो मिळाला की देशभर फिरता येतं, प्रवाशांची यादी मात्र जवळ ठेवावी लागते. केंद्र सरकारनं २०२१ आणि पुन्हा २०२३ मध्ये या अखिल भारतीय पर्यटक परवान्याचे नियम बरेच सोपे केले आणि संगणकावरून अर्ज करायची सोय केली.

"आता सांगा," साडू म्हणाले, "तुम्ही त्या रात्री दोन तिकिटं काढलीत. शेजारच्या माणसाला तुम्ही ओळखत होता? सगळ्यांनी मिळून बस ठरवली होती? नाही ना? मग ती कुठली वाहतूक झाली?"

मी निरुत्तर. देशातला एक मोठा वाद नेमका याच रेषेवर उभा आहे. पर्यटक परवान्याची गाडी रोज ठरल्या वेळेला, ठरल्या मार्गानं, प्रत्येकाला वेगळं तिकीट देऊन धावली तर ती पर्यटनाची गाडी की टप्पा वाहतूक? २०२३ च्या नोव्हेंबरात केरळमध्ये पत्तनंतिट्टा ते कोइमतूर धावणाऱ्या अशाच एका खासगी बसला परिवहन खात्यानं पुन्हा पुन्हा दंड केला, जप्तही केलं आणि गावोगावी लोकांनी त्या बसचं स्वागत केलं. कायदा खात्याच्या बाजूनं बोलत होता, लोक बसच्या बाजूनं. दोघांचंही काहीसं बरोबर होतं, म्हणून तर वाद पेटला.

दोन राज्यं, एक सही

पण सरकारी बसचं काय? तिच्याकडे तर टप्प्याचा रीतसर परवाना होता. मग ती विमानतळावर का नव्हती?

इथं कायद्याचं ८८ वं कलम येतं. एका राज्यानं दिलेला परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. दुसऱ्या राज्याच्या परिवहन प्राधिकरणाची त्यावर प्रतिस्वाक्षरी लागते. त्यासाठी दोन राज्यांमध्ये करार होतो. तुमच्या इतक्या बस आमच्याकडे, आमच्या इतक्या तुमच्याकडे, अमुक मार्गावर, अमुक ठिकाणापर्यंत. आपल्याकडे कोल्हापूरच्या स्थानकात कर्नाटकाची बस दिसते आणि बेळगावात आपली एसटी जाते, ती अशाच करारावर. सीमेवर वातावरण तापलं की पहिल्यांदा याच बस थांबतात, हे सीमाभागातल्या वाचकांना सांगायला नको.

पंजाबच्या सरकारी व्होल्वो बस पूर्वी दिल्लीच्या विमानतळापर्यंत जात होत्या. पंजाबात घरटी एखादा माणूस कॅनडात, इंग्लंडात नाही तर आखातात. जालंदर, लुधियाना, होशियारपूरकडच्या माणसाला परदेशी जायचं तर बहुतेकदा दिल्ली गाठावीच लागते. त्यामुळे हा मार्ग म्हणजे दुभती गाय. २०१८ साली दिल्लीच्या बाजूनं परवान्याचा आक्षेप निघाला आणि सरकारी बस विमानतळावर जाणं बंद झालं. त्या काश्मिरी गेटला थांबू लागल्या. खासगी बस मात्र विमानतळाच्या दारात उभ्याच राहिल्या, कारण त्यांचा परवाना वेगळ्या जातीचा, देशभर फिरण्याचा. तीच बस आमच्या नशिबी आली.

पुढची गोष्ट वर्तमानपत्रांतून सगळ्यांच्या समोर घडली. २०२१ मध्ये पंजाबचे तेव्हाचे परिवहनमंत्री अमरिंदरसिंग राजा वडिंग यांनी दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांकडे जाहीर मागणी लावून धरली की आमच्या बसना विमानतळापर्यंत येऊ द्या. तेव्हा पंजाबात काँग्रेसचं सरकार आणि दिल्लीत आम आदमी पक्षाचं. पत्रं झाली, निवेदनं झाली, आरोप-प्रत्यारोप झाले. बस काही हलली नाही. मार्च २०२२ मध्ये पंजाबातही आम आदमी पक्षाचं सरकार आलं. आणि १५ जून २०२२ रोजी जालंदरहून भगवंत मान आणि अरविंद केजरीवाल या दोन मुख्यमंत्र्यांनी मिळून दिल्ली विमानतळाच्या सरकारी व्होल्वो बसना हिरवा झेंडा दाखवला. खासगी बसच्या निम्म्याहून कमी भाड्यात, असं तेव्हा सरकारनं सांगितलं.

वाचकहो, इथं पक्षाचा प्रश्न नाही. झालं ते चांगलंच झालं. पण हिशेब मांडून पाहा. कायदा तोच होता, १९८८ चा. महामार्ग तोच होता. बस त्याच जातीच्या होत्या. प्रवाशाची गरज तर २०१८ मध्येही होती, २०२० च्या त्या रात्रीही होती. बदललं ते फक्त दोन खुर्च्यांमधलं नातं. साडेतीन-चार वर्षं न मिळालेली सही तीन महिन्यांत मिळाली. मग मधल्या वर्षांत ज्यांनी दुप्पट भाडं मोजलं, मध्यरात्री काश्मिरी गेट ते विमानतळ अशी टॅक्सी शोधली, त्यांचा दोष कोणता?

तीन सरकारांचं एक विमानतळ

चंडीगडचा स्वतःचा विमानतळ तर याहून मजेशीर आहे. १ नोव्हेंबर १९६६ ला पंजाबची फेररचना झाली, हरियाणा वेगळा झाला आणि चंडीगड केंद्रशासित राहिलं. एकच शहर, दोन राज्यांची राजधानी. शहराला लागून पंजाबचं मोहाली आणि हरियाणाचं पंचकुला. लोक या तिघांना मिळून 'ट्रायसिटी' म्हणतात. सकाळी घर पंचकुल्यात, दुपारी नोकरी चंडीगडात, संध्याकाळी खरेदी मोहालीत, असं तिथलं जगणं.

विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची. जुनी इमारत चंडीगडच्या बाजूला होती. नवी इमारत धावपट्टीच्या पलीकडे, मोहालीच्या हद्दीत, झिऊरहेडी गावाच्या जमिनीवर बांधली. ११ सप्टेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदींनी तिचं उद्घाटन केलं. कंपनीत भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा वाटा ५१ टक्के, पंजाब आणि हरियाणाचा प्रत्येकी साडेचोवीस टक्के. नावावरून दोन्ही राज्यांची वर्षानुवर्षं ओढाताण झाली. अखेर २०२२ च्या सप्टेंबरात शहीद भगतसिंगांचं नाव दिलं गेलं.

इमारत देखणी झाली यात शंका नाही. पण धावपट्टीच्या या बाजूचं दार त्या बाजूला गेलं आणि चंडीगडच्या माणसाला मोहालीतून वळसा पडला. विमानतळ डोळ्यांसमोर दिसतो, पण तिथे पोहोचायला गावाला प्रदक्षिणा घालावी लागते. जवळचा रस्ता करा, ही मागणी तेव्हापासूनची. तो करायचा तर जमीन, संरक्षण खातं, चंडीगड प्रशासन आणि पंजाब सरकार अशा सगळ्यांच्या संमतीचा मामला.

बसचंही तसंच. चंडीगडची शहर बससेवा चालवते चंडीगड ट्रान्सपोर्ट अंडरटेकिंग. तिची बस विमानतळाकडे निघाली की काही वेळात पंजाबात शिरते. पंचकुल्याहून निघालेला माणूस तर विमानतळ गाठेपर्यंत हरियाणा, चंडीगड आणि पंजाब अशी तीन सरकारं ओलांडतो. आपल्याकडे दादरहून अंधेरीला जाताना वांद्र्याला एक सरकार आणि सांताक्रूझला दुसरं लागलं तर काय होईल, तेवढी कल्पना करा. आणि एवढं करून विमानतळाच्या फाटकात चौथी परवानगी लागतेच. आतली जागा विमानतळ चालवणाऱ्या कंपनीची. तिथे बस उभी करायची, तिकीट खिडकी लावायची, तर तिच्याशी वेगळा करार, वेगळं भाडं. दिल्लीत काय, मुंबईत काय, हाच प्रकार.

आकाशातही सुटका नाही. चंडीगडच्या विमानतळाला 'आंतरराष्ट्रीय' म्हटलं गेलं, पण उद्घाटनानंतर कितीतरी दिवस एकही परदेशी उड्डाण नव्हतं. मोहालीच्या उद्योजकांची संघटना जनहित याचिका घेऊन उच्च न्यायालयात गेली. शेवटी सप्टेंबर २०१६ मध्ये शारजा आणि दुबईची विमानं सुरू झाली. परदेशी कंपनीला आपल्या कुठल्या शहरात उतरता येईल हे दोन देशांच्या करारात लिहिलेलं असतं. त्या यादीत शहराचं नाव नसेल तर धावपट्टी कितीही लांब असो, उपयोग नाही. म्हणजे साडूंचं म्हणणं वरही खरं. विमानसुद्धा आधी कागदावरून उडतं.

मग परवानाच नको का?

इतकं ऐकल्यावर सौ. म्हणाली, "एवढी कटकट कशाला? ज्याला बस चालवायचीय त्याला चालवू दे. लोक बघतील कुणात बसायचं ते."

मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण साडूंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हे लक्षण मी ओळखतो.

"ताई, विमानतळाच्या मार्गावर उद्या पन्नास बस येतील," ते म्हणाले. "माझ्या आगारातून डोंगरातल्या वाडीला एक मुक्कामी गाडी जायची. रात्री सात प्रवासी, सकाळी शाळेची पोरं. त्या मार्गावर कोण येईल?"

त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. सरकारी बस ही नुसती बस नसते. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली तेव्हापासून तिच्या अंगावर जबाबदाऱ्या चढतच गेल्या आहेत. महाराष्ट्रात २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट. पंजाबातही २०२१ पासून साध्या सरकारी बसमधून महिलांना फुकट प्रवास. या सवलतींचा भार आणि तोट्यातले खेड्यांचे मार्ग थोडेफार तरी सोसवतात, ते चार फायद्याच्या मार्गांवर. पुणे-मुंबई, जालंदर-दिल्ली विमानतळ, हे ते मार्ग. त्यांच्यावरची साय दुसऱ्यानं काढली तर खालचं पाणीदार दूध वाडीवस्तीच्या वाट्याला. परवान्याची व्यवस्था जन्माला आली त्यामागे हे एक कारण आहे, आणि ते खोटं नाही.

दुसरं कारण सुरक्षिततेचं. चालक सलग किती तास चालवतो, गाडीचा विमा आहे का, अपघात झाला तर जबाबदार कोण, हे सगळं त्या कागदाला बांधलेलं असतं. त्या धुक्याच्या रात्री आमचा चालक एकटाच होता. डोळे ताणून तो काचेबाहेर बघत होता आणि मी त्याच्याकडे. त्याची ड्यूटी किती तासांची होती, मला ठाऊक नाही. कुणीतरी ते विचारणारं असावं, एवढं मात्र त्या रात्री मनापासून वाटलं.

पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. १९८८ चा कायदा करताना संसदेनं जुनी कोंडी मुद्दाम सैल केली. परवाना मागणाऱ्याला सहसा नकार देऊ नये असं कायद्यातच लिहिलं. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मिथिलेश गर्ग खटल्यात जुन्या परवानाधारकांची तक्रार फेटाळली. नवे लोक आले तर आमचा धंदा बुडेल, असं ते म्हणत होते. न्यायालयाचा रोख असा होता की परवान्यांची संख्या वाढणं लोकांच्या हिताचंच आहे. तेव्हा परवाना हा जुन्यांच्या धंद्याभोवतीचं कुंपण नव्हे. आणि खरं सांगायचं तर, त्या रात्री ती खासगी बस नसती तर आम्ही विमानतळाच्या बाकावरच बसून राहिलो असतो. जिथं सरकार पोहोचलं नाही तिथं तो माणूस गाडी घेऊन उभा होता. त्याला नुसता खलनायक ठरवणं मला जमणार नाही.

तेव्हा परवाना हवा की नको, हा प्रश्नच चुकीचा आहे. परवाना हवाच. पण तो देताना टेबलावर तीन माणसं असावीत: बस चालवणारा, देणारा अधिकारी आणि प्रवासी. आज तिसऱ्याची खुर्ची बहुधा रिकामी असते.

आपली खुर्ची

ती खुर्ची रिकामी असते याला आपणही थोडे जबाबदार आहोत. हे मला साडूंनीच दाखवून दिलं. ८८ व्या कलमातच एक सोय आहे. दोन राज्यांनी नवा बस करार करायचा, मार्ग आणि परवान्यांची संख्या ठरवायची, तर त्याचा मसुदा दोन्ही सरकारांनी राजपत्रात आणि त्या भागातल्या स्थानिक भाषेच्या वर्तमानपत्रात छापावा लागतो. हरकती आणि सूचनांसाठी किमान तीस दिवस द्यावे लागतात. त्या ऐकून मगच करार पक्का होतो. साडू म्हणाले, "नोकरीत असताना अशा जाहिराती मी पाहिल्या. हरकती यायच्या त्या बसमालकांच्या. प्रवाशाचं पत्र मी पाहिलं नाही."

आपल्या मराठी मुलखालाही हे लागू आहे. गोव्यातला मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. तो पेडणे तालुक्यात, म्हणजे बांदा, सावंतवाडीच्या अगदी अंगणात. सिंधुदुर्गातल्या माणसाला तो पणजीकरापेक्षाही सोयीचा. पण विमानतळ गोव्याचा आणि घर महाराष्ट्रात. मध्ये पुन्हा तीच राज्याची रेघ. गोव्याच्या टॅक्सीवाल्यांचे वाद तर आपण वर्षानुवर्षं वाचतोच आहोत. पुण्याचा लोहगाव विमानतळ चंडीगडसारखाच हवाई दलाच्या जागेवरचा. तिथे २०२४ मध्ये नवी इमारत सुरू झाली. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि डिसेंबरात विमानं उडू लागली. पुण्याच्या, पनवेलच्या, अलिबागच्या माणसाला तिथे रात्री दोन वाजता उतरल्यावर घरी कसं जायचं हे ठरवणारे कागद आत्ताच्या काळात लिहिले जाताहेत. इमारतीच्या छताचे फोटो आपण कौतुकानं पाहतो. शेवटची बस किती वाजता, हे विचारायचं राहून जातं.

म्हणून चार गोष्टी सांगतो, अनुभवाच्या बोलीतल्या.

रात्री विमानतळावरून बस पकडायची असेल तर तिकीट काढण्यापूर्वी बस कुठे सोडणार ते नक्की विचारा. 'चंडीगड' किंवा 'पुणे' एवढ्यावर भागत नाही. बसस्थानक की हमरस्त्यावरचा पूल, हे तिकिटावर लिहून घ्या. सोबत म्हातारं माणूस किंवा एकटी मुलगी असेल तर हे फारच महत्त्वाचं.

तिकीट म्हणून नुसती चिठ्ठी घेऊ नका. गाडीचा क्रमांक, रक्कम आणि तारीख असलेली पावती मागा. काही झालं तर विमा आणि तक्रार दोन्हींना तोच आधार.

सरकारी बस नसेल तर 'नाही' एवढ्यावर परत फिरू नका. का नाही, हे परिवहन महामंडळाला लेखी विचारा. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. दहा रुपयांच्या अर्जावर उत्तर मिळतं, निदान मिळायला हवं.

आणि वर्तमानपत्रात परिवहन खात्याची बारीक अक्षरातली सूचना दिसली तर ती उलटून टाकू नका. त्यात तुमच्या गावाचं नाव असेल तर एक पत्र टाका. शेजारच्या चार घरांच्या सह्या घ्या.

परवा नात फोनवर सांगत होती. आता ती शाळेत जाते, पंजाबी ठसक्यात मराठी बोलते. म्हणाली, "आजोबा, या संक्रांतीला माझ्या वाढदिवसाला या ना. विमान नाही आलं तर बसनी या."

मी म्हटलं, "येतो गं बाई. पण बस कुठे सोडते ते आधी विचारून घेतो."